कुंडीतली ब्लूबेरी

२४ मे. पारा चाळिशीपार. ब्लूबेरीची कुंडी गच्चीवरच्या हिरव्या जाळीखाली सरकवली. नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. पाणी कमी पडलं असेल म्हणून मी आणखी घालत राहिले. चुकलंच. हिला साडेचार ते साडेपाच सामूची आम्लधर्मी माती लागते. मी भरली आपली काळी, चुनखडीची. सामू आठच्या आसपास. वर बोअरचं जड पाणी. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. भरल्या ताटावर उपाशी!

पाऊस सुरू झाला की कोकोपीट, पानांचं खत आणि थोडं गंधक घालून कुंडी नव्याने भरायची. पागोळ्यांचं पाणी ड्रममध्ये साठवायचं. जायकवाडी धरण उशाशी असूनही नळाची वाट बघणाऱ्या या शहरात एका झुडपाचे इतके लाड? जरा लाजच वाटते.

शिवाय हिला थंडी हवी. ती इथे जानेवारीत चार दिवस डोकावून जाते.

आई म्हणाली, "त्यापेक्षा करवंद लाव गं. खडकातसुद्धा येतं."

तेही जांभळं, आंबटगोड. रोप आणीन. पण ही पिवळी पोर टाकवत नाही.