आठ वाजताचं प्रवचन



मागच्या वेळी चातुर्मासातल्या डाळींच्या भाज्यांवर लिहिलं होतं, आणि आज एकदम कॉम्प्युटर! पण मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. यात माझी एक मोठी चूक झाली आहे, तीही सांगायची आहे.

आमच्या घरी खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. सासूबाई सत्त्याऐंशी वर्षांच्या. गुडघ्यांमुळे मंदिराच्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून दशलक्षण पर्वातलं रात्री आठचं प्रवचन त्या घरीच टीव्हीवर ऐकतात, इंटरनेटवरून. एकाशन करून, सामायिक आटोपून, आठच्या आधी पाच मिनिटं खुर्ची टीव्हीसमोर ओढून बसतात. मागच्या वर्षी पहिल्याच दिवशी प्रवचन अडकलं. महाराजांचा हात वर, तोंड उघडं, आणि मधे ते गोल फिरणारं चक्र. दुसऱ्या दिवशी तेच. दुकानातही अधूनमधून बिलाचं पान उघडायचं नाही, पण संध्याकाळी जास्तच.

मी काय केलं असेल? वायरवाल्या मुलाला फोन. तो बिचारा सायकलवरून आला, खांबावर चढला, वायर बदलली. दोन दिवसांनी परत आला, बाहेरची पेटी बदलली. तरी चक्र फिरतंच. तिसऱ्या वेळी मी त्याला जिन्यातच उभं करून बोलले, "पैसे घेताना वेळेवर येता, काम मात्र अर्धवट." पाणीसुद्धा विचारलं नाही. एवढ्यावर थांबले नाही, त्याच्या ऑफिसात लेखी तक्रार केली. त्याचे त्या महिन्याचे चारशे रुपये कापले गेले, हे मला नंतर कळलं.

रात्री पुण्याला मुलाला फोन लावून रडगाणं गायलं. तो म्हणाला, "आई, आधी एक बघ. काउंटरच्या कॉम्प्युटरवरून बाहेर नको, आपल्याच पेटीला हाक मार."

ही पेटी म्हणजे एक जुना छोटा कॉम्प्युटर. बाहेरून येणारी लाईन आधी या पेटीत येते, मग घरभर आणि दुकानात जाते. आत लिनक्स आहे. मुलानेच बसवून दिली होती, लॉकडाऊनच्या काळात. ती दाराशी बसलेल्या राखणदारासारखी असते, कोणाला आत सोडायचं, कोणाला नाही ते बघते. हाक मारायची म्हणजे पिंग नावाची आज्ञा द्यायची. पेटी "ओ" देते आणि ओ यायला किती वेळ लागला ते पडद्यावर दिसतं. एक सेकंदाचे हजार भाग केले तर चार हातांवरच्या पेटीकडून ओ एका भागाच्या आत यायला हवी.

बराच वेळ तशीच आली. मग अचानक ८००. मग १४००. मग "रिक्वेस्ट टाइम्ड आउट". मग पुन्हा सगळं सुरळीत. मी चष्मा पुसून परत पाहिलं. काउंटर ते पेटी एवढ्या अंतरात तो वायरवाला येतच नाही हो! दोष घरातलाच होता. त्या क्षणी पोटात गोळा आला तो अजून आठवतो.

मधली वायर बदलून पाहिली, जोडणीच्या डबीतलं भोकही बदललं. फरक नाही. मग मुलाने मला काउंटरवरून पेटीत शिरायला लावलं आणि डीमेसेज अशी आज्ञा द्यायला सांगितली. पेटी स्वतःशी काय बोलते ते त्यात दिसतं. ओळींमागून ओळी. नाकारलं, नाकारलं, नाकारलं. प्रत्येक ओळीत कोण आलं, कुठून आलं, कुठल्या दाराला आलं, सगळी कुंडली. उन्हाळ्यात आम्ही दुकानात कॅमेरे बसवले होते. त्यांचा रेकॉर्डर, टीव्ही, प्रिंटर, संध्याकाळी घरी परतणारे सगळ्यांचे फोन, ही यंत्रं "कोणी आहे का?" म्हणून सगळ्यांना उद्देशून हाका मारत असतात. पेटीला त्या हाका नको होत्या. ती त्या नाकारत होती, ते बरोबरच, पण प्रत्येक नकाराची ओळ लिहीत होती.

मी म्हटलं, "लिहू दे की, हिशेब ठेवणं वाईट आहे का?" मुलगा एकदम गप्प झाला आणि मग विचारलं, "आई, पेटीच्या मागून एक जाड वायर लोंबते का? दोन्ही बाजूला स्क्रू असलेली?"

होती. कपाटामागे. दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं, त्यावर जाळी धरलेली. पेटी बंद पडली तर तिचं बोलणं वाचता यावं म्हणून त्याने ती वायर जुन्या लॅपटॉपला जोडली होती. लॅपटॉप दोन वर्षांपूर्वी भंगारात गेला. पेटीला ते कोण सांगणार? ती त्या वायरीवर रोज प्रत्येक ओळ वाचून दाखवत होती, ऐकायला कोणी नसताना.

पुढचं गणित मी केलं, बी.कॉम. आहे शेवटी. त्या वायरीचा वेग सेकंदाला ९,६०० बिट. वेग सांगितला नाही तर लिनक्स हाच धरतं, आणि मुलाने तेव्हा सांगितला नव्हता. एका अक्षराला पुढची-मागची खूण धरून १० बिट. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. नकाराची एक ओळ साधारण २०० अक्षरांची. एका ओळीला सेकंदाचा पाचवा भाग! वीस हाका एकदम आल्या की चार सेकंद गेले.

"पण बोलता बोलता दुसरं काम करता येत नाही का तिला?" मी विचारलं. नाही, तिथेच मेख आहे. ही पेटी जुनी, तिला एकच प्रोसेसर. आणि लिनक्सचा गाभा अशी ओळ बाहेर पाठवताना शेवटचं अक्षर जाईपर्यंत थांबतो, तेवढा वेळ इतर कोणाची टकटक ऐकत नाही. तोवर आलेला माल दाराशी साठतो, जागा भरली की खाली पडतो. मला आमच्या जुन्या दुकानातले मुनीमजी आठवले. प्रत्येक नोंद मोठ्याने वाचत लिहायचे आणि तेवढा वेळ तराजू हातात तसाच, गिऱ्हाईक दारात.

असं मुद्दाम का केलं असेल? मुलगा म्हणाला, यंत्र कोसळताना शेवटचं वाक्य बाहेर पडायला हवं, नाहीतर का कोसळलं ते कधीच कळणार नाही. म्हणून लिहिणं पुढे ढकलायचं नाही असा नियम. मला तो पटला. फक्त आमच्याकडे रेकॉर्डरच्या हाकांनाही तोच मान मिळत होता.

उपाय एका ओळीचा निघाला. डीमेसेज, जागा, वजा एन, जागा, एक. म्हणजे अगदी प्राणावर बेतलं तरच त्या वायरीवर बोल. नोंदी पुसल्या जात नाहीत, आतल्या कीर्दीत राहतात. मी टाइप केलं, एंटर दाबलं, आणि पिंगकडे बघत बसले. एकाच्या आत. एकाच्या आत. पंधरा मिनिटं तसंच. त्या रात्री उत्तम सत्याचं प्रवचन सासूबाईंनी सबंध ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली, आली, आणि संध्याकाळी चक्र परत! माझा धीरच सुटला. वाटलं, सगळं चुकलं, वायरवालाच चोर होता. (किती पटकन वाटलं बघा.) पण पेटी नव्याने सुरू झाली की ती आज्ञा विसरते, एवढंच होतं. मग मुलाने पुण्याहून कायमची सोय केली. आज्ञा सुरुवातीलाच वाचली जाईल अशा फाइलीत लिहिली, नकारांच्या नोंदी मिनिटाला चार-पाचच होतील असं केलं, आणि त्या वायरीचा वेग १,१५,२०० केला, बारा पट. मी विचारलं, वायरच उपटून टाकू का? तर म्हणे, उपटून उपयोग नाही, पलीकडे कोणी असो नसो, पेटी तेवढाच वेळ घेते. दोन वर्षं तेच तर चाललं होतं.

क्षमावाणीच्या दिवशी आम्ही सगळे मंदिरात एकमेकांना हात जोडतो. ज्यांच्याशी वर्षभर गोडच बोललो त्यांनाच जास्त. त्या सकाळी आधी त्या ऑफिसात गेले आणि तक्रार मागे घेतली. कापलेले पैसे परत देता येत नाहीत, महिना बंद झाला, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. मग मुलाला घरी बोलावलं. तो जिन्यातच थांबला, आत येईना. त्याला वाटलं पुन्हा काहीतरी बिघडलं.

सासूबाईंनीच हाक मारून आत घेतलं. मी हात जोडून सांगितलं, दोष माझ्या पेटीचा होता आणि तुला बोलले ते माझं चुकलं. तो इतका अवघडला की नजर खाली घालून पायातल्या मोज्यांकडे बघत राहिला. चारशे रुपये घेईना. सासूबाई म्हणाल्या, "ते तुझेच आहेत, घे." तेव्हा घेतले.

चहा घेताना त्याने सगळी हकिकत विचारली. लोंबणाऱ्या वायरीचं ऐकून हसला. मग म्हणाला, "काकू, ती पहिली गोष्ट मला लिहून द्याल का? आपल्याच पेटीला हाक मारायची ती. घरोघरी माझ्यावरच ओरडतात."

भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं आणि पाठीमागे मोठ्या अक्षरात लिहून दिलं.