काचेजवळची खुर्ची

विमानाला मी भितो. ही कबुली छापील स्वरूपात आज प्रथमच देत आहे. आजवर ती आमच्या घराच्या चार भिंतींत होती, आणि फार तर दादर स्टेशनातल्या आरक्षणाच्या कारकुनाला तिचा थोडाफार संशय होता. नोकरीत असताना दिल्लीचे काम निघाले की साहेब विचारीत, "विमानाचं तिकीट काढायचं ना?" आणि मी मोठा काटकसरी चेहरा करून म्हणत असे, "कशाला उगीच कंपनीचा खर्च, साहेब? राजधानी काय वाईट आहे?" या एका वाक्यावर मला दोन बढत्या मिळाल्या, असा आमच्या हिचा आरोप आहे.

भीतीला कारण लागत नाही. मोटारीच्या प्रवासापेक्षा विमानाचा प्रवास कितीतरी निर्धोक, हे मी चारचौघांना पटवूनसुद्धा देतो. पण पालीला भिणाऱ्या माणसाला पाल चावत नाही हे सांगून काय उपयोग? त्याला ते ठाऊक असतेच.

सगळेच काही हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. २०११ सालच्या डिसेंबरात बंगळूरला माझा थोरला भाऊ गेला. फोन पहाटे आला. विमानाने निघालो असतो तर दुपारच्या आत पोचलो असतो; तिकीटही मिळत होते. मी उद्यान एक्सप्रेस धरली. जवळजवळ चोवीस तासांनी त्याच्या दारात उभा राहिलो तेव्हा सारे आटोपले होते. वहिनींनी मला काही विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते, असे पुढे कितीदा तरी वाटले.

असो. यंदा प्रसंग आला तो आनंदाचा. मुलगी सिंगापूरला असते. तिचे दिवस श्रावणात भरायचे होते. बाळंतपणाला आईने आधी जायचे आणि मी बारशाला मागून यायचे, असे मायलेकींनी परस्पर ठरवले. सिंगापूरला मुंबईहून आगगाडी जात नाही, हे मी नकाशा उघडून खात्री करून घेतले. तिकिटे निघाली, आणि मग २०२५ च्या १२ जूनला अहमदाबादहून लंडनला निघालेले विमान उडाल्याबरोबर कोसळले. २६० माणसे गेली. त्या दिवशी टीव्हीपुढून उठवेना आणि पुढे बसवेनाही. ही मात्र पंधरा दिवसांनी, डिंकाच्या लाडवांचा डबा सांभाळत, एकटी विमानात बसून चालती झाली. मला म्हणाली, "अहो, फ्रीजमधलं विरजण विसरू नका."

माझा मेहुणा कामानिमित्त महिन्यातून चारदा विमानाने हिंडतो. त्याचे म्हणणे असे, की खरी भीती विमानात नसतेच. ती असते विमानतळावर, सामान दिल्यापासून विमानात शिरेपर्यंतच्या दोन तासांत. तेवढा वेळ एखाद्या चांगल्या लाउंजमध्ये शांतपणे काढला, की माणूस विमानात झोपून जातो. आमच्या पिढीला स्टेशनातली वेटिंग रूम ठाऊक. वेताची आरामखुर्ची, भिंतीवर एक मोठे घड्याळ आणि कोपऱ्यात कुणाचे तरी वळकटीवर झोपलेले मूल. लाउंज म्हणजे तिचीच श्रीमंत चुलत बहीण असेल, असे मी धरून चाललो.

आता लाउंज पाहून ठेवायचे तर कसे? लग्नाचे कार्यालय जसे आधी जाऊन पाहता येते तसे हे नाही. दाराशीच तिकीट आणि ओळखपत्र तपासून आत सोडतात. म्हणजे लाउंज पाहायचे तर विमानाने जायला हवे! शेवटी मी जुलैत बंगळूरचे जाण्यायेण्याचे तिकीट काढले. वहिनींची भेट होईल आणि रंगीत तालीमही. माझ्या बँकेच्या कार्डावर लाउंज फुकट मिळते, पण मागल्या तीन महिन्यांत अमुक एवढा खर्च केलेला असावा लागतो. बाळंतविड्याच्या खरेदीने ती अट केव्हाच ओलांडली होती.

मुंबईचे हे नवे टर्मिनल २०१४ च्या फेब्रुवारीत सुरू झाले. पांढरेशुभ्र, उंच, मोरपिसाचे डोळे कोरल्यासारखे छत. भिंतीभर जुन्या हवेल्यांचे दरवाजे, नावा, देवदेवता. एरवी मी तासभर पाहत राहिलो असतो. पण मला शांतीची घाई झाली होती! लाउंजच्या दाराशी पोचलो तो तिथे रांग. आत गेल्यावर पाहिले तर खुर्चीत बसलेल्याच्या मागे दुसरा उभा, ताट हातात घेऊन. थेट पंक्तीमागे पंगत. सांबाराचा वास, बशांचा खणखणाट. जागा मिळाली ती टीव्हीच्या समोर, आणि त्या टीव्हीवर चार तज्ज्ञ अहमदाबादच्या अपघाताची मीमांसा करीत होते. मागच्या पडद्यावर चित्रातले विमान वर जाई आणि खाली येई. वर जाई आणि खाली येई. मी अर्धी इडली तशीच ठेवून बाहेर पडलो.

त्या उड्डाणाचे वर्णन करीत नाही. शेजारच्या बाईंनी उतरताना "आता बरं वाटतंय ना?" असे विचारले, एवढ्यावरून वाचकांनी काय ते समजावे.

बंगळूरला दार वहिनींनीच उघडले. माझ्याकडे पाहून त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "या वेळी लवकर पोचलात, भाऊजी." त्यात टोमणा नव्हता. चौदा वर्षांत तो कधीच नव्हता. मी बूट काढायच्या निमित्ताने बराच वेळ खाली वाकून राहिलो.

परतीला दुसरा प्रयोग केला. बंगळूरचे दुसरे टर्मिनल २०२२ च्या नोव्हेंबरात उद्घाटन झालेले; बागेतला विमानतळ ही त्याची कल्पना. छताला बांबूचे आच्छादन, वरून टांगलेल्या वेली, आत चक्क पाणी पडते आहे. इथे तरी जमावे म्हणून या खेपेस पदरचे पैसे भरून भारी लाउंज निवडले. गर्दी नाही, टीव्ही नाही. मऊ गालिचा, मंद दिवे, न वाजल्यासारखे संगीत. एक मुलगी पावलांचा आवाज न करता आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "सर, काही हवं असलं तर सांगा." आणि मला एकदम आठवले, की अशी जागा आणि असा आवाज मी पूर्वी अनुभवला आहे. हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी नर्सिंग होममध्ये मला अशाच खोलीत बसवले होते! इतकी काळजी घेतात त्या अर्थी पुढे काहीतरी भयंकर असणार, हे ताडायला माणूस हुशार लागत नाही. नाडी धडधडू लागली, ती उतरावी म्हणून तीन कप फुकट कॉफी प्यालो, आणि ती आणखी चढली.

आमच्या सोसायटीत एक तरुण मुलगा विमानांच्या देखभालीचा इंजिनियर आहे. लिफ्टमध्ये त्याला मी सहज म्हणून विचारले. रविवारी तो घरी आला आणि दोन तास बसला. इतक्या मन लावून मला कुणी काही शिकवल्याला पन्नास वर्षे झाली असतील. तो म्हणाला, "काका, उड्डाणानंतर मिनिटभरात इंजिनाचा आवाज एकदम कमी होतो ना?" मी म्हटले, "तोच तर! तेव्हा पोटात खड्डा पडतो. वाटतं, बंद पडलं." तो हसला. उडताना लागणारा जोर पुढे लागत नाही, म्हणून वैमानिक तो मुद्दाम कमी करतो. चढण मंदावते आणि आपल्या कानाला ते पडल्यासारखे वाटते. त्याआधी पायाखाली धाडकन आवाज होतो तो चाके पोटात घेतल्याचा. पंख हलतात ते हलण्यासाठीच केलेले असतात. ताठ असते तर मोडले असते. पंखाजवळच्या जागेवर हिसके कमी जाणवतात. सकाळी जमीन तापलेली नसते, म्हणून हवाही बहुधा शांत असते. आणि कॉफी सोडा.

"आणि लाउंज कुठलं निवडू?" मी विचारले.

"लाउंजमध्ये तुम्हाला विमान दिसतच नाही, काका," तो म्हणाला. "न दिसणाऱ्या गोष्टीचीच भीती वाढते. काचेजवळ बसा आणि बघत राहा."

सल्ला पटला असे नाही. पण दोन लाउंजांनी केलेली दशा ताजी होती. नातू झाल्याचा फोन आला आणि आठवड्याने मी सकाळच्या विमानासाठी पुन्हा त्याच मुंबईच्या टर्मिनलवर गेलो. लाउंजच्या रांगेकडे न पाहता थेट गेटपाशी गेलो आणि भल्यामोठ्या काचेजवळची एक खुर्ची धरली. साधी, सार्वजनिक, पाठीला टोचणारी खुर्ची. मुंबईला इथे उड्डाणांच्या घोषणा सहसा करीत नाहीत, फलकावर पाहायचे असते. तेव्हा समोरच फलक दिसेल अशीही ती होती.

काचेतून धावपट्टीचा एक तुकडा दिसत होता. मुंबईला धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालवतात. तेवढ्या एका पट्टीवर दिवसाला नऊशेच्या आसपास विमाने चढतात-उतरतात. हे ऐकून माहीत होते, पाहिले नव्हते. एक गेले. मी डोळे मिटले. उघडले तो दुसरे उतरत होते. मग एक उडाले, मग एक उतरले. नकळत मी मोजू लागलो.

आणि मोजता मोजता मला टिळक पूल आठवला. लहानपणी संध्याकाळी भाऊ मला दादरच्या त्या पुलावर न्यायचा. कठड्यावरून दिसावे म्हणून बखोटीला धरून उचलायचा आणि आम्ही गाड्या मोजायचो. "ही स्लो. ही फास्ट. ही विरारची." मला पुलाचीही भीती वाटे, तो थरथरत असे म्हणून. भाऊ म्हणायचा, "थरथरतोय म्हणजे गाडी येतेय. मोज." शंभर झाल्या की खारे दाणे.

अर्ध्या तासात बावीस झाली. शेजारी पाचसहा वर्षांचा एक मुलगा काचेला नाक लावून उभा होता. त्याने विचारले, "आजोबा, तुम्ही काय मोजताय?" मग आम्ही दोघे मोजू लागलो. पावसाची सर आली, काच धुऊन निघाली. विमाने आपली जात होती, येत होती. एकदा त्याने विचारले, "त्याचे पंख हलतायत, तुटणार नाहीत ना?" आणि मी, गेली चाळीस वर्षे राजधानीने प्रवास केलेला मनुष्य, त्याला विमानाचे पंख का हलतात हे सविस्तर समजावून सांगू लागलो. त्याची आई माझ्याकडे फार आदराने पाहत होती. निवृत्त वैमानिक समजली असावी. मी तिचा गैरसमज दूर केला नाही.

भीती गेली असे म्हणेन तर खोटे होईल. उडताना हात गार पडलेच. पण आवाज कमी झाला तेव्हा मी मनात म्हटले, आता जोर कमी केला. धाडकन झाले तेव्हा म्हटले, चाके घेतली. साडेपाच तासांत एक डुलकीसुद्धा लागली.

बारसे झाले. नातवाचे नाक माझ्या भावाचे आहे. हे फक्त मला दिसते.

परत येताना आम्ही दोघे होतो. सिंगापूरच्या विमानतळाच्या तिसऱ्या टर्मिनलमध्ये एक फुलपाखरांची बाग आहे. तिला कार्ड लागत नाही की पैसे. दमट, हिरवी, मध्ये धबधबा. दोन मजले उंच जाळीखाली शेकडो फुलपाखरे. एका पेटीत कोष टांगलेले असतात, नशीब असेल तर त्यातून फुलपाखरू निघताना दिसते. हिच्या खांद्यावर एक काळेनिळे येऊन बसले. ती हलेना. बराच वेळाने, फुलपाखरू उडेल या धास्तीने की काय, अगदी हळू म्हणाली, "अहो, उडताना या खेपेस माझा हात धराल?"

मी चकित झालो. "तुला कशाला? तू तर एकटी आलीस. त्या अपघातानंतर."

"रात्रभर झोपले नव्हते मी त्या दिवशी," ती म्हणाली. "पहिल्यापासूनच भीती वाटते मला. पण घरात दोघांनी भिऊन कसं चालायचं होतं?"

अडतीस वर्षांचा संसार. मला काही बोलायला सुचेना. तेवढ्यात फुलपाखरू उडाले. इथे सुरक्षा तपासणी गेटापाशीच असते, तेव्हा लवकर निघणे भाग होते. जाताना वाटेत मी काचेजवळच्या दोन रिकाम्या खुर्च्या हेरल्या.

"बस," मी म्हटले. "दहा मिनिटं आहेत. ते उतरतंय ते एक. मोज."