वीसच्या जागी चोवीस

पटावर सोंगट्या मांडून झाल्या की पांढऱ्याला पहिली चाल वीसच प्रकारे करता येते. आठ प्याद्यांच्या दोन-दोन, म्हणजे सोळा, आणि दोन घोड्यांच्या दोन-दोन, म्हणजे चार. राजा, वजीर, हत्ती, उंट ही सगळी मानकरी मंडळी आपल्याच माणसांमागे अडकून बसलेली असतात. शाळेतल्या पोराने बोटांवर करावा असा हा हिशेब. मागच्या पावसाळ्यात एका रात्री माझ्या संगणकाने मात्र शांतपणे उत्तर दिले : चोवीस.

त्या दिवसांत मी बुद्धिबळाचे एक इंजिन पायथनमधून सी भाषेत आणत होतो. इंजिनाचे नाव सनफिश, कर्ता थॉमस आले. टिपा आणि मोकळ्या ओळी वगळल्या तर सगळा मामला शे-सव्वाशे ओळींचा, आणि तरी माझ्यासारख्याला सहज मात देणारा. कोड सर्वांसाठी खुला. ‘‘कशाला हा उद्योग? स्टॉकफिश आहे की फुकट,’’ ऑफिसातल्या मित्राने विचारले. त्याचे बरोबरच होते. पण स्टॉकफिश हे इंजिन म्हणजे गाव आहे आणि सनफिश ही एक खोली. खोलीतल्या प्रत्येक वस्तूला हात लावता येतो. शिवाय स्टॉकफिश तरी कुठे आकाशातून पडले? टोर्ड रोमस्टाड या नॉर्वेजियन माणसाने ग्लाउरुंग नावाचे इंजिन लिहिले. ते खुले होते, म्हणून २००८ साली मार्को कोस्टाल्बा या इटालियनाला त्यावरून स्टॉकफिश उभे करता आले. स्टॉकफिश म्हणजे वाळवलेला कॉड मासा. नॉर्वेत वाळतो, इटलीत शिजतो. एकाचे दुसऱ्याने पुढे नेण्याची ही रीतच आहे.

सनफिशचा पट मला पहिल्या वाचनातच आवडला. चौसष्ट घरांसाठी त्याने एकशेवीस अक्षरांची एक लांब माळ घेतली आहे. दहा-दहा अक्षरांच्या बारा ओळी. मधल्या आठ ओळींत सोंगट्या, वर दोन ओळी रिकाम्या, खाली दोन रिकाम्या. दोनच का? घोड्यासाठी. शून्यापासून मोजले तर वरच्या डाव्या कोपऱ्यातले घर माळेत एकविसावे. तिथून घोडा दोन ओळी वर आणि एक घर डावीकडे उडाला की बरोबर शून्यावर उतरतो, माळेच्या पहिल्या अक्षरावर. खालच्या उजव्या कोपऱ्यातून उडाला तर एकशे एकोणिसावर, शेवटच्या अक्षरावर. एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही. अंगण घोड्याच्या उडीच्या मापाने आखलेले. डाव्या-उजव्या बाजूला मात्र एकेकच मोकळी जागा, कारण एका ओळीचा उजवा काठ पुढच्या ओळीच्या डाव्या काठाला लागूनच असतो आणि दोन्ही मिळून दोन होतात. हे लक्षात आले तेव्हा मी खुर्चीवरून उठून चहा करून आलो. चांगली ओळ वाचली की थोडे चालावे लागते.

दुसरी गंमत पाळीची. या इंजिनाला काळ्याने खेळता येतच नाही. काळ्याची पाळी आली की ते सबंध माळ उलटी करते आणि लहान अक्षरे मोठी, मोठी लहान करते. आता काळा खाली, आणि तोच ‘आपण’. लहानपणी एकटे खेळताना आम्ही दर चालीला पट फिरवायचो, तेच हे.

तर चोवीस. जास्तीच्या चार चाली मी छापून पाहिल्या. राजाच्या बाजूच्या घोड्याला दोन चाली वाढल्या होत्या, त्याच बाजूच्या हत्तीला एक, आणि हत्तीपुढच्या प्याद्याला एक, तीही मारण्याची. चारही उपद्रवी चाली उजव्या काठाच्या. पुढे काळ्याची पाळी आली की हीच बंडाळी डावीकडे. म्हणजे कुंपणाला एक भगदाड होते आणि पट फिरला की ते पटाबरोबर फिरत होते. पण समोर कोणी नसताना प्याद्याने मारले कोणाला?

त्याने ओळीचा शेवट मारला होता. मूळ कोडात डावा काठ म्हणजे साधी मोकळी जागा, पण उजवा काठ म्हणजे ‘इथे ओळ संपली’ हे न दिसणारे अक्षर. पट पडद्यावर छापला की आपोआप ओळींत पडावा म्हणून. पायथनला ‘हे कोरे अक्षर आहे का’ असे विचारले की मोकळी जागा आणि ओळीचा शेवट, दोन्हींना ती ‘हो’ म्हणते. मी सी लिहिताना विचारले, ‘ही मोकळी जागा आहे का?’ ओळीचा शेवट म्हणाला, नाही. खरेच बोलला. कुंपण नाही, रिकामे घर नाही, आपली सोंगटी नाही. मग प्याद्याने त्याला शत्रू मानले आणि तिरके जाऊन मारले.

ते दुरुस्त केले आणि वीस आले. मग ‘ई-चार’ ही चाल खेळायला सांगितली, तर पडद्यावर उमटले एक चौकोनी कंस आणि तीन. फक्त उघडणारा कंस; बंद करणारा नाही.

हा गुंता सुटायला दोन रात्री गेल्या. माळेत पांढऱ्याच्या डाव्या कोपऱ्याचे घर ९१ वे, आणि ई-चार ६५ वे. घराचे नाव काढायला इंजिन ६५ मधून ९१ वजा करते आणि उत्तराला दहाने भागते. उणे सव्वीस भागिले दहा. पायथन म्हणते, भागाकार उणे तीन, बाकी चार. सी म्हणते, भागाकार उणे दोन, बाकी उणे सहा. चूक कोणाची? शाळेत बाईंनी ताळा करायला शिकवले होते : भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी बरोबर भाज्य. दोन्ही उत्तरांचा ताळा जमतो. पायथन खालच्या अंगाला उतरते, सी शून्याच्या दिशेने सरकते. ज्याचे त्याचे वळण. पायथनच्या बाकीने ‘ए’पासून चार अक्षरे पुढे मोजली की ‘ई’ येते. सीच्या बाकीने सहा अक्षरे मागे गेलो, तर संगणकाच्या अक्षरतक्त्यात तिथे चौकोनी कंस बसलेला. सगळ्यांत खट्याळ भाग असा की सर्वांत खालची आडवी ओळ आणि सर्वांत डावी उभी पट्टी यांची नावे अचूक येत होती. मी आधी नेमका कोपरा तपासून निर्धास्त झालो होतो.

या दोन्ही चुकांत मी मूळ ओळ चुकीची वाचली नव्हती. जे लिहिले होते ते मी नेले. जे लिहावेच लागले नव्हते, कारण ती भाषा ते घरचे समजून सांभाळत होती, ते मागे राहिले. सासरी आलेल्या मुलीला पहिल्या आठवड्यात अडते ते स्वयंपाकावाचून नाही. मीठ कुठल्या डब्यात असते हे कोणी सांगितलेले नसते म्हणून.

बुद्धिबळ स्वतः तरी याहून वेगळे कुठे जगले? आपल्याकडचा हत्ती फारसी-अरबीतून युरोपात गेला. स्पॅनिशमध्ये त्या सोंगटीला अजून ‘आल्फिल’ म्हणतात, म्हणजे शब्दात अरबी हत्ती शाबूत आहे. इंग्रजांनी मात्र त्याच सोंगटीचा बिशप केला. कोडात तिचे अक्षर ‘बी’. मी ते टंकताना मनात उंट म्हणतो, आणि माझा हत्ती कोपऱ्यात सरळ चालीचा. वजीर एके काळी तिरके एकच घर जायचा; पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्या सोंगटीला सबंध पट मोकळा झाला. आपण नाव वजिराचे ठेवले आणि ताकद तिकडच्या राणीची घेतली. माझे आजोबा देशी डाव खेळत. त्यांचे प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके. दोन घरे ढकलली की म्हणत, ‘‘अरे, त्याला धाप लागेल.’’ मुंबईत १८१४ साली त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरचे पुस्तक संस्कृतातून इंग्रजीत येऊन छापले गेले. डाव युरोपीय पद्धतीला जुळवून घेतले आहेत, हे त्याच्या शीर्षकातच नमूद होते. काय बदलले ते दारावरच सांगणारा तो प्रामाणिक माणूस मला आमच्या धंद्यातला वाटतो.

आमच्या धंद्यात प्रामाणिकपणाची एक परीक्षाही आहे. इंजिन कसे खेळते ते पाहायचे नाही, चाली किती प्रकारे होऊ शकतात ते फक्त मोजायचे. पहिल्या चालीनंतर २०. दोन्हींची एकेक चाल झाली की ४००. तिसरीला ८९०२. चौथीला १९७२८१. जगातल्या कुठल्याही भाषेत लिहा, हेच आकडे यावे लागतात. एकाने जरी चुकले तरी कुठे तरी एखादा घोडा कुंपण ओलांडतो आहे. साहित्याच्या अनुवादकाला असा ताळा मिळत नाही. त्याचे प्यादे कितव्या पानावर ओळीचा शेवट मारून गेले, हे त्याला कोण सांगणार?

चौथा आकडा जुळला तेव्हा पहाटेचे दोन वाजून गेले होते. बाहेर पाऊस थांबला होता. ज्या परवान्याखाली हे इंजिन खुले झाले त्याची अट साधी आहे : पुढे वाटाल तर तसेच खुले वाटा, मूळ कर्त्याचे नाव ठेवा आणि तुम्ही बदल केलेत हे सांगा. म्हणून माझ्या फाइलच्या माथ्यावर थॉमस आले यांचे नाव आहे. त्याखाली, पुढे कोणी हे तिसऱ्या भाषेत नेईल त्याच्यासाठी, मी दोन ओळी मराठीत लिहून ठेवल्या आहेत : ‘ओळीचा शेवट हीसुद्धा पटाबाहेरची जागा आहे. उणे संख्येला भागण्यापूर्वी तुमची भाषा कुठल्या वळणाची आहे ते पाहा.’