गोल्फ क्लबाच्या मैदानावर

नाशिकाविषयीं लिहावयास बसलें म्हणजे लेखणी आपोआप रामकुंडाकडे वळते. काळाराम, सीतागुंफा, तपोवन आणि गोदेचा घाट यांचीं वर्णनें आमच्या वाचकांनीं इतक्या वेळां वाचलीं असतील कीं, त्यांत आणखी एकाची भर घालण्याचें प्रयोजन नाहीं. या खेपेस आम्ही नाशिकास गेलों तें तीर्थयात्रेसाठीं नव्हे, क्रिकेटचा सामना पाहण्यासाठीं; आणि तेंहि स्वतःच्या हौसेनें नव्हे, वडीलबंधूंच्या हट्टानें.

दादा पंचवटींत राहतात. वय ऐंशी. काचबिंदूनें एक डोळा गेला आहे आणि दुसऱ्याची हमी डॉक्टर देत नाहींत. जानेवारी २०२५ मध्यें त्यांचा फोन आला. “रणजीचा सामना आहे, गोल्फ क्लबावर. महाराष्ट्र नि बडोदा. किती वर्षांनीं नाशिकास आला आहे! तूं ये. पुढच्या खेपेस मैदान मला दिसेल कीं नाहीं, सांगतां येत नाहीं.” यावर काय बोलणार? सामना गुरुवारीं, ता. २३ रोजीं सुरू व्हावयाचा होता. आम्ही बुधवारीं संध्याकाळींच वाड्यावर दाखल झालों.

सकाळीं निघतेवेळीं दादांचा नातू तयार होऊन दारांत उभा. अंगांत तांबडा सदरा, त्यावर इंग्लंडांतील मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल संघाचें चिन्ह. त्या दिवशीं त्याची शाळा होती. ज्यांनीं उभ्या आयुष्यांत पोरांच्या दांड्या पकडल्या त्यांच्या देखत असा बेत व्हावा हें आम्हांस रुचलें नाहीं. पण “धाकटे आजोबा, हजेरी तुम्हीच घ्या ना मैदानावर,” असें तो म्हणाला आणि सूनबाईंनाहि हसूं आलें. आम्हीं डोळेझांक केली.

रिक्षा होळकर पुलावर आली तेव्हां नदीवर अजून धुकें होतें. नाशिकची जानेवारींतली थंडी यात्रेकरूंस सुखाची वाटते, द्राक्षबागाइतदारांची मात्र झोंप उडवते. रविवार कारंजा मागें पडला, सी. बी. एस. मागें पडलें आणि त्र्यंबकच्या रस्त्यास लागलों तों मैदान आलेंच.

हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान हें त्याचें खरें नांव. रिक्षावाल्यास तें सांगितलें तर तो क्षणभर विचारांत पडतो. ‘गोल्फ क्लब’ म्हटलें कीं निघालाच. २१ डिसेंबर १९०९ रोजीं येथील विजयानंद नाट्यगृहांत ‘शारदा’ नाटकाच्या प्रसंगीं कलेक्टर जॅक्सन यांस गोळी घालणारे कान्हेरे ते हेच. साहेबाच्या खेळाचें नांव पुसून त्या जागेस हुतात्म्याचें नांव दिलें, तरी लोकांच्या जिभेवर साहेबाचा खेळच राहिला याचें आम्हांस वाईट वाटतें. जॅक्सन संस्कृतचा व्यासंगी होता, लोक त्यास ‘पंडित जॅक्सन’ म्हणत, हेंहि न्यायासाठीं नमूद केलें पाहिजे. १९ एप्रिल १९१० रोजीं कान्हेरे ठाण्यास फांसावर गेले तेव्हां ते जेमतेम अठरा वर्षांचे होते.

हें सांगावयाचें कारण असें कीं, सामना २०२५ सालचा असला तरी दादा पाहावयास निघाले होते तो संघ निराळाच होता. तो प्रोफेसर देवधरांचा. दिनकर बळवंत देवधर जवळजवळ कान्हेऱ्यांच्याच वयाचे. जन्म १४ जानेवारी १८९२, मृत्यु २४ ऑगस्ट १९९३. एकास अठरा वर्षें मिळालीं, दुसऱ्यास एकशें एक.

देवधर पुण्याच्या कॉलेजांत संस्कृत शिकवीत. आम्हीं स्वतः जन्मभर मुलांकडून शब्दरूपें घोकून घेतलीं. त्यामुळें विभक्ति आणि समास सांगणाऱ्या माणसानें गोऱ्यांच्या गोलंदाजीस झोडपावें यांत आम्हांस एक खासगी आनंद वाटत आला आहे. १९२६ सालीं गिलिगनच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध मुंबईस त्यांनीं १४८ धावा केल्या. हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना १९३२ सालीं झाला तेव्हां ते चाळिशीचे होते. कसोटी सामना त्यांच्या वांट्यास कधींच आला नाहीं. दुसरा एखादा खट्टू होऊन घरीं बसला असता. यांनीं महाराष्ट्राचें नेतृत्व पत्करलें, आणि १९३९-४० व १९४०-४१ असा लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक पुण्यास आणला. पहिल्या वर्षीं विजय हजारे यांनीं बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या; रणजी सामन्यांतलें तें पहिलें त्रिशतक. दुसऱ्या वर्षीं, नोव्हेंबर १९४० मध्यें, पुण्यास मुंबईविरुद्ध महाराष्ट्रानें ६७५ धावांचा डोंगर रचला, त्यांत अठ्ठेचाळीस वर्षांच्या देवधरांच्या २४६. मुंबईच्या रांगणेकरांनीं उलट २०२ काढल्या, पण मुंबईचा डाव ६५० वर संपला, आणि पंचवीस धावांच्या आघाडीवर सामना महाराष्ट्राचा झाला.

हा सामना आमच्या घरांत पोथीसारखा आहे. आमचे वडील त्या वेळीं बाविशींतले. नाशिकरोडहून आगगाडीनें खास त्यासाठीं पुण्यास गेले होते. पुढें ही हकीकत दादांकडे आली आणि दादांनीं ती इतक्या वेळां सांगितली कीं, सांगतां सांगतां “बाबा म्हणत” हे शब्द गळून पडले आणि “आम्ही बसलों होतों” असें होऊं लागलें. दादांचा जन्म १९४४ चा! बऱ्याच वर्षांपूर्वीं एका लग्नांत, व्याह्यांच्या पंगतींत, आम्हीं हा हिशेब चारचौघांत मांडून दाखविला. मास्तरकीची खोड, दुसरें काय? लोक हंसले. दादा पानावरून उठले नाहींत, पण त्या दिवसापासून आमच्या समक्ष त्यांनीं देवधरांचें नांव काढलें नाहीं. बोलणेंचालणें सर्व राहिलें, एवढी एक गोष्ट मात्र बंद झाली. या खेपेस त्यांचें बोलावणें आलें तेव्हां आम्ही लगेच निघालों त्याचें हेंहि एक कारण होतें.

मैदानाच्या कडेस सांवलींत जागा मिळाली. फलंदाजी महाराष्ट्राची. ऋतुराज गायकवाड खेळणार म्हणून कॉलेजांतलीं मुलें बरीच आलीं होतीं. बाकी आमच्यासारखे पेन्शनर. नाशिकच्या सत्यजित बच्छावविषयीं आपल्या घरचा मुलगा असल्यासारखें बोलणें चाललें होतें. शेजारच्या एका गृहस्थांनीं सुस्कारा टाकला. “पूर्वींचा महाराष्ट्र राहिला नाहीं हो.” दादांनीं मान हलविली. त्या गृहस्थांचें वय पन्नाशीच्या आंत असावें. त्यांनीं ‘पूर्वींचा’ महाराष्ट्र कोठून पाहिला असणार!

पण तक्रारींत तथ्य नाहीं असेंहि नाहीं. देवधरांनंतर महाराष्ट्र तीनदां अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि तीनदां हरला: १९७०-७१ मध्यें मुंबईशीं, १९९२-९३ मध्यें पंजाबाशीं, २०१३-१४ मध्यें कर्नाटकाशीं. एकाच राज्यांतले तीन संघ रणजीसाठीं खेळतात. त्यांपैकीं मुंबईनें २०२४ पर्यंत बेचाळीस वेळां करंडक नेला, आणि आम्ही नाशिकास बसलों होतों त्यानंतर थोड्याच आठवड्यांनीं विदर्भानेंहि तिसऱ्यांदां नेला. महाराष्ट्र तेवढा दोनावर थांबला आहे.

दादांचें निदान ठरलेलें आहे. “माणसं राहात नाहींत,” ते म्हणाले. “आपल्या नाशिकांत जन्मलेले बापू नाडकर्णी. मद्रासला इंग्लंडविरुद्ध लागोपाठ एकवीस षटकं निर्धाव टाकलीं, १९६४ सालीं. महाराष्ट्राकडून खेळूं लागले आणि शेवटीं कुठं गेले? मुंबईकडे.” आम्हांस उत्तर सुचलें होतें, कीं खुद्द हजारेहि त्या दोन विजयांनंतर बडोद्याकडेच गेले, म्हणजे गळती देवधरांच्या काळींच सुरू झाली होती. शिवाय दादा निंबाळकरांच्या नाबाद ४४३ धावाहि देवधरांच्या खात्यावर लिहितात. त्या डिसेंबर १९४८ च्या, आणि त्या संघाचे कर्णधार देवधर नव्हते. हें सर्व ओंठांवर आलें आणि आम्हीं गिळलें. पंगतींतला धडा आम्ही विसरलों नव्हतों.

इतक्यांत नातू मध्येंच म्हणाला, “आजोबा, हें आमच्यासारखंच झालं. फर्ग्युसन गेल्यापासून.”

आम्हांस हें प्रकरण ठाऊक नव्हतें, तें त्यानें समजावून दिलें. फुटबॉलच्या संघास एक मॅनेजर असतो. तो स्वतः खेळत नाहीं, मैदानाच्या कडेस उभा राहतो, पण कोणास घ्यावें आणि कोणास बसवावें हें तोच ठरवितो. क्रिकेटमध्यें जें कर्णधार करी तें तेथें तो करतो. अॅलेक्स फर्ग्युसन नांवाचे स्कॉटिश गृहस्थ १९८६ पासून २०१३ पर्यंत, म्हणजे साडेसव्वीस वर्षें, मँचेस्टरास होते. पहिलीं कित्येक वर्षें त्यांस लीगचें विजेतेपद मिळालें नाहीं, तरी संघाच्या चालकांनीं त्यांस ठेवून घेतलें, आणि पुढें त्यांनीं तें तेरा वेळां मिळविलें. ते गेल्यानंतर मॅनेजरांमागून मॅनेजर आले, पण एकदांहि नाहीं. “आतांचे एक-दोन वर्षंसुद्धां टिकत नाहींत,” तो म्हणाला, आणि सुस्कारा टाकला तो थेट शेजारच्या गृहस्थांसारखा.

दादांस ही उपमा फार आवडली. ते खुलले, आणि इतक्या वर्षांनीं आमच्या देखत त्यांनीं पुण्याचा सामना काढला. “सकाळचं ऊन होतं. आम्ही बसलों होतों...” मुलगा ऐकतां ऐकतां थांबला. शाळेंत गणितांत हुशार आहे.

“आजोबा, १९४० सालीं? पण तुम्ही तर ऐंशींचे.”

दादांनीं आमच्याकडे पाहिलें. त्या एका डोळ्यानें त्यांस आमचा चेहरा कितपत दिसला असेल, सांगवत नाहीं. आम्ही सीमेकडे पाहात राहिलों.

मुलानेंच पुढें विचारलें, “म्हणजे पणजोबांनीं पाहिलं होतं ना? मग चालतंय. मी कुठं फर्ग्युसनला पाहिलंय? ते सोडून गेले त्या वर्षीं माझा जन्म. पण मला सगळं येतं.” आणि त्यानें १९९९ च्या अंतिम सामन्यांत शेवटच्या मिनिटांत बायर्न म्युनिकवर झालेले दोन्ही गोल, कोणी कोणाकडे चेंडू दिला यासकट, घडघडा म्हणून दाखविले.

दादा बराच वेळ हंसले. मग उपरण्यानें डोळे पुसून आमच्याकडे वळले. “तुला एक सांगायचं राहिलं आहे. बाबांनीं देवधरांच्या २४६ पाहिल्याच नाहींत.”

आम्ही चपापलों.

“रजा मिळायला उशीर झाला. पोंचले तेव्हां महाराष्ट्राचा डाव आटोपला होता आणि मुंबई खेळत होती. जाण्यापूर्वीं आठ दिवस मला एकट्याला सांगितलं. तेव्हां त्यांनीं पाहिलं तें एवढंच, कीं समोरचे धांवांवर धांवा काढताहेत, आणि अठ्ठेचाळीस वर्षांचा तो मास्तर दिवसभर उन्हांत उभा आहे, कोणावर ओरडत नाहीं, फक्त हातानं एकेकाला जागा दाखवतो आहे. बाबा म्हणाले, फलंदाजीचं लोकांकडून ऐकलं, हें मात्र मीं पाहिलं. तूं त्या लग्नांत बोललास तेव्हां मला राग आला तो खोटा ठरवलास म्हणून नाहीं. हें तुला सांगायचं होतं, नि तूं नेमका हिशेब मांडून बसलास.”

आम्हांस कांहीं बोलतां आलें नाहीं. क्षमा मागावी असें मनांत आलें. पण दादांसमोर आम्हीं ती कधीं मागितलेली नाहीं, त्यांनींहि कधीं मागूं दिलेली नाहीं. नातवानें डबा उघडला. दशम्या आणि लसणाची चटणी होती.

तो सामना पुढें महाराष्ट्रानें ४३९ धावांनीं जिंकला. आम्ही मात्र पहिल्या दिवसाचेच प्रेक्षक. तिसऱ्या प्रहरीं ऊन कलतें झालें, तसा दादांस धावफलक दिसेनासा झाला. फलंदाज पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात, चेंडू तर मुळींच नाहीं, असें ते म्हणाले. पण उठावयास तयार होईनात. मुलगा सीमेजवळ जाऊन बसला होता. दर षटकानंतर दादा विचारीत, “किती झाले?” आणि आम्ही फलक वाचून सांगत होतों.