परदेशात आजारी पडायला किती पैसे लागतात?

परदेशप्रवासाचा वैद्यकीय विमा किती रकमेचा काढावा, असा थेट प्रश्नच संपादकांनी विषय म्हणून दिला आहे. एका ओळीत सांगायचं तर अमेरिकेला जाणाऱ्या साठीपुढच्या माणसाने अडीच लाख डॉलरच्या खाली उतरू नये. युरोप, थायलंड, सिंगापूरसाठी एक लाख डॉलर धरावेत. पण विम्याच्या दाव्यांची वैद्यकीय छाननी हाच माझा व्यवसाय असल्याने ही ओळ लिहितानाच मी बिचकतो. लोक आकडा ऐकतात आणि तिथेच थांबतात. दावे अडतात ते पुढच्या बारीक अक्षरांत. रुग्णाला कुठे ठेवायचं, केव्हा हलवायचं आणि हे ठरवायचं कोणी, या तीन प्रश्नांना ज्या पॉलिसीत स्पष्ट उत्तर आहे, तीच मी पुरेशी मानतो.

आकड्याबद्दलचा गैरसमज बराचसा व्हिसाने पोसला आहे. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं संरक्षण लागतं. २००९च्या व्हिसा संहितेत ही रक्कम आहे आणि आजही ती तेवढीच आहे. यजमान देशाने स्वतःवर बोजा पडू नये म्हणून घातलेली ती किमान अट. आपण ती पुरेशा विम्याची व्याख्या समजून बसलो. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला तर विम्याची अटच नाही. त्यामुळे मुलाकडे सहा महिने निघालेल्या आईवडिलांसाठी ५०,००० डॉलरची सर्वांत स्वस्त पॉलिसी घेतली जाते. ‘तिथे कायदाच आहे, इमर्जन्सीत कुणाला परत पाठवत नाहीत,’ हेही वर ऐकवलं जातं. १९८६चा तसा कायदा आहे खरा. पैसे आहेत की नाहीत हे न पाहता रुग्णाला तपासून स्थिर करावंच लागतं. बिल मात्र त्याच्या नावावर निघतंच. अमेरिकी रुग्णालयांचा दर दिवशी दर रुग्णामागे होणारा खर्च २०२२ साली सरासरी ३,००० डॉलरच्या घरात होता. हा रुग्णालयाचा स्वतःचा खर्च झाला. पाहुण्या रुग्णाला लागणारा दर आणि अतिदक्षता विभागाचं बिल त्याच्या कितीतरी वर जातं. न्यूमोनियाने दोन आठवडे काढले तरी ५०,००० डॉलर संपतात.

मग रक्कम दुप्पट केली की झालं? इथे माझा जुना वाद सुरू होतो आणि तो मी आवरता घेणार नाही. ज्येष्ठांच्या अनेक स्वस्त पॉलिसींत वर एक लाख डॉलर लिहिलेले असतात; आत खोलीला रोज इतके, शस्त्रक्रियेला इतके, भूलतज्ज्ञाला त्याच्या अमुक टक्के, अशा सबलिमिट असतात. समजा खोलीची मर्यादा रोज १,५०० डॉलर आहे आणि रुग्णालयाने लावले ४,०००. मग रोजचे २,५०० तुमच्या खिशातून, आणि वरच्या एक लाखातले बहुतेक डॉलर तसेच पडून. हे दाखवायचे दात आहेत. सबलिमिट असलेल्या एक लाखापेक्षा सबलिमिट नसलेले ५०,००० मी बरे म्हणेन. दुसरा घोळ आधीपासूनच्या आजाराचा. त्यासाठी बहुधा फक्त जिवावरच्या प्रसंगी आणि ठरावीक रकमेपर्यंतच पैसे मिळतात, म्हणून लोक रक्तदाबाची गोळी अर्जात लपवतात. परदेशी रुग्णालयात दाखल होताना चालू औषधांची यादी आधी विचारली जाते, आणि तोच केसपेपर माझ्या टेबलावर येतो. ‘पाच वर्षांनंतर कंपनी काही उकरून काढू शकत नाही’ असा युक्तिवाद मग होतो. आरोग्यविम्यात ६० महिन्यांच्या सलग संरक्षणानंतर तसं कवच मिळतं, हे २०२४च्या नियमांत आहेच. फसवणूक सिद्ध झाली तर तेही नाही. शिवाय तीन महिन्यांच्या प्रवासी पॉलिसीला पाच वर्षं पूर्ण होणार तरी कशी?

सगळ्यात जास्त गैरसमज मात्र ‘इव्हॅक्युएशन’बद्दल आहे. एअर ॲम्ब्युलन्स म्हणजे कंपनी आपल्याला मुंबईला आणून सोडणार, असं गृहीत धरलं जातं. बहुतेक करार बांधील असतात ते जवळच्या सक्षम रुग्णालयापुरते. ह्यूस्टनमध्ये हृदयविकाराचा झटका आला तर सक्षम रुग्णालय ह्यूस्टनमध्येच आहे. उलट कैलास-मानसरोवरच्या वाटेवर किंवा ५,३६४ मीटरवरच्या एव्हरेस्ट बेस कॅम्पकडे जाताना फुप्फुसात पाणी साचलं, तर खाली उतरवणं हाच पहिला उपचार असतो. पण अनेक पॉलिसींत ठरावीक उंचीच्या वरचं काहीच धरत नाहीत. नेपाळमध्ये बनावट हेलिकॉप्टर बचाव आणि फुगवलेल्या बिलांचं प्रकरण २०१८ मध्ये उघड झालं. तेव्हापासून आधी फोन करून मंजुरी घेतली का, याकडे कंपन्या अधिक कठोरपणे पाहतात. मंजुरी असली तरी प्रत्येक रुग्ण उडू शकत नाही. विमानाच्या केबिनमधला दाब साधारण ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतका उतरू शकतो; तिथे शरीरात अडकलेली हवा सुमारे एक तृतीयांशाने फुगते. छातीत हवा साठलेल्या किंवा पोटाची ताजी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला त्याचा धोका असतो. खालून उडून दाब सांभाळता येतो. मग इंधन जास्त लागतं, थांबे वाढतात, बिलही वाढतं. अमेरिकेहून भारतापर्यंतचा हा खर्च सहज कोटीच्या घरात जातो. तो वैद्यकीय रकमेतूनच कापला जाणार असेल, तर दोन आठवड्यांच्या उपचारांनंतर उडायला काय उरणार?

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो मला टाळता येत नाही: हलवायचं की नाही हे ठरवणारा डॉक्टर कंपनीच्या पैशावर असेल, तर त्याचा शब्द का मानावा? शंका रास्त आहे. हवेच्या दाबाचं कारण खरं असतं, तसंच ते सोयीचंही असू शकतं. म्हणून प्रत्यक्ष उपचार करणाऱ्या डॉक्टरचं लेखी मत करारात निर्णायक हवं. निदान त्याच्याशी सल्लामसलत बंधनकारक हवी. ‘कंपन्या देतच नाहीत, मग महाग पॉलिसी कशाला?’ हा दुसरा आक्षेप. न देण्याची कारणं पॉलिसीत छापलेली असतात. जास्त हप्ता द्यायचा तो त्यातली कारणं कमी करून घेण्यासाठी. क्रेडिट कार्डावर फुकट मिळणाऱ्या विम्यालाही हेच प्रश्न विचारा. अपघात आणि आजार यांतला फरक तिथे पहिल्याच पानावर भेटेल. हप्ता परवडत नसेल तर सामान हरवण्याचं आणि विमानाला उशीर होण्याचं संरक्षण, जिथे वगळता येत असेल तिथे, मी आधी वगळेन आणि वाचलेले पैसे सबलिमिट काढून घेण्यात आणि इव्हॅक्युएशनची रक्कम वेगळी करून घेण्यात घालेन.