पटाचे वर्ष : बाळकुम ते हडफडे

महाराष्ट्रातल्या स्पर्धात्मक बुद्धिबळाचे वर्ष दिनदर्शिकेपेक्षा शाळेच्या वेळापत्रकाने चालते. वार्षिक परीक्षा संपली की स्पर्धांचा हंगाम भरतो, शाळा उघडल्या की ओसरतो आणि दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा जोर धरतो. कारण साधे आहे. पटावर बसणाऱ्यांत शाळकरी मुलेच अधिक असतात, आणि जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशी वयोगटांची उतरंड त्यांच्यासाठीच रचलेली आहे.

जपानमध्ये ‘गो’ या पटावरच्या खेळाचे वर्ष वेगळ्या रीतीने बांधलेले असते. तिथे सात प्रमुख किताब आहेत आणि त्यांतल्या मोठ्या किताबांमागे वृत्तपत्रे उभी असतात. योमिउरी दैनिकाच्या ‘किसेई’ची अंतिम लढत हिवाळ्यात, तर असाहीच्या ‘मेइजिन’ची शरदात होते. आपल्याकडे वृत्तपत्राचा आणि पटाचा संबंध आला तो एका घरापुरता. ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिन्ही मुलींनी राष्ट्रीय महिला विजेतेपद मिळवले. मात्र वर्षभराचे ठरलेले वेळापत्रक कोणत्या दैनिकाने उभे केले नाही. इथल्या खेळाडूला स्पर्धा असेल तिथे जावे लागते. त्यामुळे महाराष्ट्रातल्या बुद्धिबळाचा वृत्तान्त म्हणजे बराचसा प्रवासाचा वृत्तान्त असतो.

२०२५ हे वर्ष त्या दृष्टीने अपवादात्मक होते. एप्रिलमध्ये पुण्यात आणि नोव्हेंबरमध्ये गोव्यात जागतिक दर्जाच्या स्पर्धा झाल्या, आणि मधल्या जुलैत नागपूरच्या मुलीने महिलांचा विश्वचषक जिंकला. हा पट पायाखाली घालायला ठाण्याचे बाळकुम हे सोयीचे ठिकाण आहे. जुना आग्रा रोड इथून काशेळीच्या पुलावरून भिवंडीकडे जातो, कापूरबावडी नाक्यावरून पूर्व द्रुतगती मार्ग गाठता येतो, आणि ठाणे स्टेशनवर कोकणात जाणाऱ्या गाड्या मिळतात. प्रस्तुत लेखकाने प्रवासाचा क्रम स्पर्धांच्या तारखांप्रमाणेच ठेवला.

ठाणे परिसरातली स्पर्धा बहुधा शाळेच्या सभागृहात किंवा गृहसंकुलाच्या क्लबहाऊसमध्ये भरते. लांब टेबलांवर गुंडाळीचे पट उलगडलेले, प्रत्येक पटाशेजारी दोन तोंडांचे घड्याळ, आणि भिंतीवर जोड्यांचा कागद. तो कागद लागला की पोरे अशी तुटून पडतात की पंचांना एकेकाला मागे सारावे लागते. फेरी सुरू झाल्यावर पालकांना बाहेर काढतात. जिन्यावर, पार्किंगमध्ये, डबे आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसलेले हे आईबाप मुलाच्या चालण्यावरून निकाल ओळखतात. आत नियम कडक असतो : सोंगटीला हात लावला की ती खेळायची. बेकायदा खेळी झाली की लहान मूल दोन्ही हात वर करून पंचांना बोलावते, आणि त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जी गंभीरता असते ती न्यायालयातही क्वचितच दिसते.

जोड्या स्विस पद्धतीने लागतात. कोणी बाद होत नाही. प्रत्येक फेरीत साधारण सारखे गुण असलेले समोरासमोर येतात. जिंकणाऱ्याची वाट फेरीगणिक अवघड होते, हरणाऱ्यालाही शेवटपर्यंत खेळायला मिळते. आंतरराष्ट्रीय मानांकन मिळायला लागते ते १४०० गुणांपासून. मार्च २०२४ मध्ये ही किमान मर्यादा वाढवण्यात आली. ग्रँडमास्टर व्हायला २५०० गुण आणि तीन ‘नॉर्म’, म्हणजे तीन वेळा ठरावीक दर्जाची कामगिरी, लागते. या दोन आकड्यांमधले अंतर कापण्यात कित्येक घरांच्या सुट्ट्या आणि बचत खर्ची पडते.

एप्रिलच्या मध्यात कल्याणहून इंद्रायणी एक्सप्रेसने कर्जतचा घाट चढून पुणे गाठले की हडपसरच्या बाजूला महिलांच्या ग्रां प्री मालिकेतला टप्पा चालू होता. दहा खेळाडू, नऊ फेऱ्या, प्रत्येकीचा प्रत्येकीशी एक डाव. कोनेरू हंपी आणि चीनची झू जिनर यांचे सारखे सात गुण झाले आणि सरस टायब्रेकवर हंपी पहिली आली. नागपूरची दिव्या देशमुख तिसरी होती. भारताच्या चौघींमध्ये ती वयाने सर्वांत लहान. पुण्याला बुद्धिबळ नवे नाही : अभिजित कुंटे २००० साली ग्रँडमास्टर झाले ते याच शहरातून, आणि सौम्या स्वामिनाथनने २००९ मध्ये मुलींचे जागतिक कनिष्ठ विजेतेपद पुण्यात आणले.

मे महिना सांगलीचा. महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री कल्याणला येते आणि पहाटे सांगलीत सोडते. महाराष्ट्रात बुद्धिबळाचे एकच गाव निवडायचे झाले तर लेखकाचा कौल या गावाला जाईल. भाऊसाहेब पडसलगीकर यांनी आयुष्य ओतून उभे केलेले नूतन बुद्धिबळ मंडळ इथले. त्यांनी उन्हाळ्यात स्पर्धांची मालिका भरवण्याची प्रथा पाडली, आणि मुंबई-पुण्याबाहेरच्या मुलांना घरापासून जवळ कसून खेळायला मिळू लागले. राष्ट्रीय महिला विजेतेपद पाच वेळा जिंकणाऱ्या भाग्यश्री साठे, म्हणजे पुढच्या भाग्यश्री ठिपसे, सांगलीच्या. स्वाती घाटेही सांगलीचीच. भाग्यश्रींचे पती प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये ग्रँडमास्टर झाले, विश्वनाथन आनंद आणि दिव्येंदू बारुआ यांच्यानंतर भारतातले तिसरे.

जुन्या पिढीचा खेळही इथे समजून घ्यावा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडे देशी नियम चालत. प्याद्याला पहिल्या खेळीत दोन घरे जाण्याची मुभा नव्हती, आणि शह न बसलेल्या राजाला किल्लेकोटाऐवजी एकदा घोड्याची उडी मारता येई. डाव संथ चाले. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ १९५१ मध्ये स्थापन झाला आणि १९५५ च्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेपासून आंतरराष्ट्रीय नियम रूढ झाले. त्या स्पर्धेचे संयुक्त विजेते होते महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि बाळकुमहून नागपूर एकाएकी जवळ आले. काशेळीचा पूल ओलांडून भिवंडीची गोदामे आणि ट्रकांची रांग मागे टाकली की आमणे येते. तिथून ७०१ किलोमीटर सलग रस्ता. खरा वेळ भिवंडीतच जातो. इगतपुरीजवळ सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा लागतो. त्यापुढे डावीकडे नाशिक राहते, म्हणजे विदित गुजराथीचे गाव. २०२३ ची ग्रँड स्विस स्पर्धा त्याने जिंकली होती. पुढचा रस्ता सरळ आणि कंटाळवाणा आहे.

नागपूरला पोचल्यावर जुलैची गोष्ट सांगावी लागते, जरी ती घडली काळ्या समुद्राकाठच्या बाटुमीत. महिलांच्या विश्वचषकात १०७ जणी होत्या. बाद पद्धत : दोन पारंपरिक डाव, बरोबरी झाल्यास जलद डाव. दिव्याने झू जिनर, द्रोणवल्ली हरिका आणि माजी जगज्जेती तान झोंगयी यांना हरवून अंतिम फेरी गाठली. समोर पुन्हा हंपी. दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत सुटले आणि २८ जुलैला जलद डावांत १९ वर्षांची दिव्या जिंकली. या विजयाने तिला ग्रँडमास्टर किताब थेट मिळाला. नॉर्मची पायरी वगळून. भारताची ती ८८ वी ग्रँडमास्टर आणि महिलांमध्ये चौथी. रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता हे ग्रँडमास्टरही नागपूरचेच. सीताबर्डी भागातल्या गर्दीत हे कोठे दिसत नाही. पण शहरातल्या शिकवणी वर्गांच्या पाट्यांत बुद्धिबळाची पाटी शोधावी लागत नाही.

वर्षाचा शेवटचा मोठा मुक्काम गोवा. कोकणकन्या एक्सप्रेस मध्यरात्रीच्या सुमारास ठाण्याला येते, सकाळी थिवीला उतरवते, आणि म्हापशावरून हडफडे जवळ आहे. ३१ ऑक्टोबर ते २७ नोव्हेंबर या काळात इथल्या एका रिसॉर्टमध्ये खुल्या गटाचा विश्वचषक झाला. २०६ खेळाडूंची बाद स्पर्धा. करंडकाला विश्वनाथन आनंदचे नाव. एरवी पर्यटकांनी गजबजलेल्या बार्देशातल्या या गावात जगातले निम्मे अव्वल खेळाडू चड्डी-चप्पल घालून नाश्त्याला फिरताना दिसणे ही मजाच होती.

यजमानांना ही स्पर्धा फळली नाही. जगज्जेता गुकेश तिसऱ्या फेरीत जर्मनीच्या फ्रेडरिक स्वानेकडून हरला. खास प्रवेश मिळालेली दिव्या पहिल्याच फेरीत बाहेर पडली. विदितने अर्जेंटिनाच्या फाउस्तिनो ओरो या बारा वर्षांच्या मुलाला टायब्रेकमध्ये रोखले खरे, पण त्याच्या पुढच्याच लढतीत अमेरिकेच्या सॅम शँकलंडने त्याला बाद केले. उपांत्यपूर्व फेरीपर्यंत टिकला तो एकटा अर्जुन एरिगैसी. त्याला चीनच्या वेई यीने हरवले. अंतिम लढतीत वेई यीवर मात करून उझबेकिस्तानचा १९ वर्षांचा जावोखिर सिंदारोव जिंकला.

गोव्यातून जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या २०२६ च्या कँडिडेट्स स्पर्धेत जाण्याच्या तीनही जागा परदेशी खेळाडूंना गेल्या. तिसरी रशियाच्या आंद्रे एसिपेंकोला मिळाली. खुल्या गटात भारताचा प्रज्ञानंद वर्षभराच्या गुणांच्या जोरावर पात्र ठरला. महिलांच्या कँडिडेट्ससाठी मात्र हंपी, वैशाली आणि दिव्या अशा तिघी भारतीय पात्र ठरल्या.