रेषेत आलेली जमीन : आकस्मिक धन आणि सामाईक सातबारा

लॉटरीचे मोठे बक्षीस लागलेले कुटुंब काही वर्षांत धुळीला मिळते, ही समजूत जनमानसात जितकी खोल रुजली आहे, तितका भक्कम आधार तिला संशोधनात मिळत नाही. स्वीडनमधील हजारो विजेत्यांचा अनेक वर्षांनंतर मागोवा घेतला असता त्यांचे जीवनाविषयीचे समाधान टिकून राहिल्याचेच आढळले. फ्लोरिडातील नोंदींवरून झालेल्या अभ्यासात मात्र 50 हजार ते दीड लाख डॉलर जिंकलेल्यांची दिवाळखोरी पहिल्या दोन वर्षांत घटली आणि तिसऱ्या ते पाचव्या वर्षांत तेवढीच वाढली, म्हणजे पैशाने संकट टळले नाही, केवळ लांबले; तर कॅनडातील एका अभ्यासाने विजेत्यापेक्षा त्याच्या शेजाऱ्यांकडे लक्ष वेधले, कारण बक्षीस जितके मोठे, तितकी आसपासच्या घरांतील दिवाळखोरी अधिक, असे तेथे दिसून आले. या सर्व अभ्यासांत बक्षीस बहुधा एकाच्या नावावर असते आणि त्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न उद्भवत नाही. महाड आणि पोलादपूर तालुक्यांत मुंबई–गोवा महामार्गाच्या रुंदीकरणामुळे जे आकस्मिक धन आले, त्याची कहाणी नेमकी याच प्रश्नापासून सुरू होते.

महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 पासून चालू असली, तरी या दोन तालुक्यांतील शेतकऱ्याच्या आयुष्यात सर्वांत मोठी सोडत रस्त्याच्या आखणीने काढली. पूर्वी 17 आणि आता 66 क्रमांक असलेला हा राष्ट्रीय महामार्ग चौपदरी करताना दासगाव, वहूर, महाड, पोलादपूर, भोगाव या पट्ट्यातून संपादनाची रेषा गेली. रेषेच्या आत आलेल्या खाचराला मोबदला मिळाला, तर बांधापलीकडच्या, त्याच मातीच्या आणि तितकेच भात देणाऱ्या खाचराला काहीच मिळाले नाही. दुसरी सोडत तारखेची होती. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, 1956 यात 1997 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर महामार्गासाठी जमीन देणाऱ्याला दिलासा रक्कम, म्हणजे सक्तीने जमीन घेतल्याबद्दल बाजारमूल्यावर दिली जाणारी जादा रक्कम, मिळत नव्हती. 2013 च्या भूसंपादन कायद्यातील मोबदल्याच्या तरतुदी महामार्गांना 1 जानेवारी 2015 पासून लागू झाल्या आणि दिलासा रक्कम एकदम शंभर टक्के झाली. मधल्या काळातील जमीनधारकांनाही ती नाकारणे घटनाबाह्य असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये तरसेम सिंग प्रकरणात दिला, परंतु तोवर संपादनाच्या तारखेवरून दोन शेतकऱ्यांच्या मोबदल्यात मोठे अंतर पडू शकत होते.

रकमेचे गणित समजून घेतल्याशिवाय पुढचे अनर्थ उमगत नाहीत. बाजारमूल्याला ग्रामीण भागात एक ते दोन यांमधील ठरवून दिलेल्या गुणकाने गुणले जाते, त्यात झाडे व बांधकामांची किंमत मिळवली जाते आणि त्यावर तेवढीच दिलासा रक्कम चढते. उदाहरणादाखल, गुंठ्याला एक लाख रुपये बाजारमूल्य आणि दोनचा गुणक धरला, तर गुंठ्यामागे चार लाख आणि दहा गुंठ्यांचे 40 लाख होतात. लॉटरीच्या बक्षिसावर 30 टक्के आयकर आणि वर उपकर असतो. 2013 च्या भूसंपादन कायद्याखालील मोबदल्यावर आयकर नाही. मात्र त्या दहा गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर 16 समान सहहिस्सेदार असतील, तर प्रत्येकाच्या खात्यात अडीच लाखच पडतात. गावात चर्चा 40 लाखांची होते, उसने मागणारा आणि लग्नाच्या खर्चाची अपेक्षा धरणारा त्याच आकड्यावर हिशेब मांडतो, आणि अडीच लाख मिळालेला माणूस नाही म्हणाला की तो माजला असे ठरते. कॅनडातील शेजारी बरोबरीने राहण्याच्या ज्या ओढीने कर्जात गेले असावेत, तीच ओढ येथे रेषेबाहेरच्या घरांनाही लागू शकते, आणि रेषेतल्या घरांना तर स्वतःच्याच ऐकीव श्रीमंतीला पुरे पडावे लागते.

एवढी नावे एका सातबाऱ्यावर का साचतात, याचे उत्तर या भागाच्या स्थलांतरात आहे. मुंबईच्या गिरण्यांनी आणि गोदीने कोकणातून जी माणसे नेली, त्यांची नावे गावच्या जमिनीवर राहिली. खातेदार वारला की वारसांची भर पडत गेली किंवा ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणून थोरल्याचेच नाव चालत राहिले. जमिनीतून निघणारे भात जेमतेम घरापुरते होते, तोवर हा गोंधळ कोणाला खुपला नाही. उलट, गणपतीला आलेल्या चाकरमान्याला गावच्या भावाने तांदळाची गोणी बांधून देणे, हेच वाटप पुरेसे मानले गेले. जमीन न वाटता वाटून घेता येत होती. रोख रकमेला ती सोय नाही, कारण ती एका ठरावीक दिवशी ठरावीक खात्यांत जमा व्हावी लागते आणि त्यासाठी कोणाचे किती, हे आकड्यांत सांगावे लागते.

येथे तीन माणसे समोरासमोर येतात, आणि तिघांचीही बाजू खरी असते. गावी राहून चाळीस वर्षे बांध घातलेल्या, तरवा लावलेल्या भावाला वाटते की जमीन त्याच्या श्रमाने टिकली, आणि निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा प्राधिकाऱ्याचा निर्णय, हे श्रम हिश्शात मोजत नाही. मुंबईच्या भावाला आठवते की गावचे घर त्याने पाठवलेल्या पगारावर उभे राहिले. आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणीला, हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क असूनही, आजवर हक्कसोडपत्रावर सही करण्यापलीकडे काही विचारले गेलेले नसते. ‘बहिणीने पैशासाठी कोर्टात खेचले’ असे जे बोलले जाते, ते अत्यंत अन्यायाचे आहे. नांगर न धरणाऱ्या बाईला शेतातला हिस्सा उचलून नेता येत नव्हता, आणि मोबदल्याच्या रूपाने तो पहिल्यांदाच तिच्या हातात येऊ शकत होता. पैशाने तिला लोभी केले नाही, तर तिचा जुना हक्क दिसू लागला.

मोबदल्याच्या विभागणीवर वाद उपस्थित झाला, तर सक्षम प्राधिकाऱ्याने, म्हणजे सामान्यतः प्रांताधिकाऱ्याने, तो प्रमुख दिवाणी न्यायालयाकडे सोपवावा, असे 1956 च्या कायद्याचे कलम 3-ह सांगते. ही तरतूद योग्य आहे, तरीही तिचा परिणाम असा होतो की जमीन रस्त्याखाली जाते, वादातील रक्कम अडकते आणि तारखांच्या फेऱ्यांत कुटुंबातील बोलणे थांबते. ज्यांना पैसे वेळेत मिळतात, त्यांच्यापुढे वेगळा धोका असतो: दरवर्षी पीक देणारी वस्तू एका दिवसात एकदाच मिळणाऱ्या रकमेत बदलते, आणि त्या रकमेतून घेतलेली गाडी किंवा बांधलेला बंगला उत्पन्न देत नाही, उलट खर्च मागतो. 2013 च्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत बाधित कुटुंबाला नोकरी किंवा पाच लाखांची एकरकमी रक्कम यांना पर्याय म्हणून दरमहा किमान दोन हजार रुपये, महागाईशी जोडून, वीस वर्षे देण्याची सोय आहे. ही रक्कम तुटपुंजी असली, तरी तिच्यामागील विचार दूरदृष्टीचा आहे आणि मोबदल्याचाही काही भाग अशा नियमित हप्त्यांत घेण्याची मुभा शेतकऱ्याला मिळायला हवी.

त्याहून निकडीचे काम रेषा आखण्याआधीचे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 प्रमाणे सहहिस्सेदारांना तहसीलदारांकडे अर्ज करून धारण जमिनीचे वाटप करून घेता येते, आणि वारस नोंद तर गावच्या तलाठ्याकडे होते. जमिनीला किंमत नव्हती त्या काळात हे वाटप शांतपणे झाले असते. मोजणीदार बांधावर उभा राहिल्यानंतर तेच अर्ज संशयाने वाचले जातात. म्हणून संपादनाची अधिसूचना निघण्याची वाट न पाहता महाड आणि पोलादपूरच्या महसूल मंडळांत वारस नोंदींची शिबिरे गावोगाव भरली पाहिजेत, आणि ती गणपतीच्या किंवा शिमग्याच्या दिवसांत, मुंबईचे भाऊ आणि माहेरी आलेल्या बहिणी दोघेही गावात असताना भरली पाहिजेत.